वन्सं, मोर!

समोर दिसतो तो मोराचा कडा. वर बघून मोर शोधू नका, इथे मोर कधी कुणी पाहिलेला नाही. रस्त्यावरच्या पाटीवर पिसारा रंगवलाय ती कुणा हौशी माणसाची करामत, त्याला आम्ही काय करणार? ताई, तुम्ही उभ्या का? बसा त्या काळ्या कातळावर, गार आहे. नाटकाला अजून अवकाश आहे, पेटीवाले आत्ताच पानावर बसलेत. तेवढ्यात कड्याला हे नाव कसं पडलं ते सांगून होईल.

आमच्या कड्याई देवीच्या उत्सवात संगीत नाटक भर दुपारी होतं. बाहेरच्यांना त्याचं नवल वाटतं. पण संध्याकाळी पालखी निघते आणि दुपारी कड्याची सावली देवळाच्या अंगणभर पडते, मग मांडव घालायचं कामच उरत नाही. नाटक गावातलीच मंडळी करतात. ही रीत पणजोबांच्याही आधीची. तेव्हा स्त्रीपार्टही पुरुषच करत आणि बायका इथे कडेला, कातळावर बसून बघत.

त्या काळी इथे वासुदेव शेवडे म्हणून होते. गाव त्यांना वासूनाना म्हणे. नाना नायिका व्हायचे. अंगाने नाजूक, गळा गोड, आणि शालू नेसून चालायला लागले की गावातल्या सुना त्यांची चाल बघून ठेवत. नानांची थोरली बहीण वेणू. तिचं सासर सांगलीला होतं. नवरा लवकर गेला आणि ती माहेरी परत आली. येताना तिने दागिना आणला नाही की भांडं आणलं नाही, आणली ती पदं. सासरच्या घरामागे एका नाटक कंपनीचं बिऱ्हाड होतं, आणि भिंतीपलीकडच्या तालमी ऐकून ऐकून तिला नाटकंच्या नाटकं पाठ झाली होती.

नानांची बायको तिला वन्सं म्हणायची. नणंदेला दुसरं काय म्हणणार? मग शेजारणी म्हणू लागल्या, पोरं म्हणू लागली आणि बघता बघता ती साऱ्या गावाची वन्सं झाली. वेणू हे नाव तिचं तिलाच आठवत असेल तर असेल.

नानांचं प्रत्येक पद वन्संनी बसवलेलं असे. सकाळी जात्यावर त्या गायच्या आणि नाना समोर बसून उचलायचे. गळा वन्संचाच खरा, असं भामावहिनी, म्हणजे नानांची बायको, उघड म्हणायची. पण घरात गायचं ते घरात. बाईमाणसाने देवळासमोर, चारचौघांत नाटकातलं पद म्हणायचं हे तेव्हा कुणाच्या मनातही येत नसे. वन्संच्या मात्र यायचं. सांगतात की एका उत्सवात त्यांनी देवीपुढे नारळ ठेवला आणि बोलून गेल्या, "आई, एकदा तरी तुझ्यासमोर मोकळ्या गळ्याने गाईन. पण आपणहून उठायची नाही. तू हाक मारलीस तर उठेन."

आता देवी हाक कशी मारणार? वर्षं गेली. वन्सं दर उत्सवाला याच कातळावर येऊन बसत. नानांचं पद चाललं की यांचे नुसते ओठ हलत.

मग एका वर्षी नाटक बसलं ते एका राणीचं. राजा रानात हरवलाय आणि राणी मोराला विचारते, माझा राजा कुठे दिसला का रे? पद फार गोड. घरोघरी त्याला नुसतं 'मोर' म्हणत. 'मोर बसला का?' 'नानांचा मोर ऐकलास का?' असं सगळं चाललेलं. त्याच उत्सवाला मुंबईहून रघुनाथ भाट्ये म्हणून चाकरमानी आले होते, गावच्या जोशांचे जावई. त्यांना मानाने पुढे बसवलं होतं.

नानांनी मोर गायला. असा गायला म्हणे की पुजारी आरतीचं ताट हातात घेऊन बाहेर येऊन उभा राहिला. आमच्याकडे पद आवडलं तर 'वा!' म्हणायचं, फार तर मान डोलवायची. जावईबापूंना ते ठाऊक नव्हतं. ते मुंबईच्या थिएटरात बसल्यासारखे उठले आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "वन्स मोर!"

झालं. सगळं अंगण वळून वन्संकडे बघायला लागलं.

रंगमंचावर नानांचा चेहरा उतरला. मोर वन्संनी शिकवला हे या पाहुण्याला सांगितलं कुणी? जोशांची मंडळी एकमेकांकडे बघू लागली. देवस्थानचे मानकरी अण्णा खोत वयाने मोठे, कानाने थोडे कमी. पण हे त्यांनाही स्वच्छ ऐकू आलं होतं. उत्सवात पाहुण्याच्या तोंडून देवी मागते, त्याला नाही म्हणायचं नाही, ही इथली समजूत. खोतांनी काठी टेकली, उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वन्सं, ऐकलंत ना? पाहुणे तुमच्याकडे मोर मागतायत. उठा. देवीच्या दारात मागणं मोडायचं नाही."

"अहो, मी तर..." जावईबापू काहीतरी बोलायला गेले. त्यांच्या बायकोने त्यांचा सदरा खाली ओढला.

वन्सं उठल्या. पदर सारखा केला. देवीकडे बघून हात जोडले आणि गायल्या. आधी आवाज कापत होता म्हणे, दुसऱ्या ओळीला मोकळा झाला. पेटीवाल्याने सूर धरला आणि तबलजीने हात आवरता घेतला, कारण तो रडत होता. वन्सं शेवटच्या सुरावर थांबल्या आणि तोच सूर कड्यावरून परत आला, जसाच्या तसा. त्याआधी हा कडा मुका होता असं सांगतात. मध्ये एक प्राध्यापक येऊन गेले. त्यांनी दगडाच्या आतल्या बाकाचं, म्हणजे वळणाचं, काही गणित सांगितलं. असेल. पण बाक त्याआधीही होताच की! इतकी वर्षं झोपला होता का?

नाना शालूतच खाली उतरले आणि बहिणीच्या पाया पडले. काजळ गालभर झालं होतं. पुढचा अंक राणीने तसाच केला, आणि कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी जावईबापूंनी भामावहिनीला त्या शब्दाचा खरा अर्थ सांगितला, इंग्रजी शब्द आहे, पुन्हा एकदा म्हणा एवढाच अर्थ. वहिनी घाबरली. वन्संचा आनंद मोडेल म्हणून सांगावं की नाही याचा तिने दिवसभर विचार केला आणि शेवटी जात्यावर बसल्या बसल्या भीत भीत सांगून टाकलं.

वन्संनी जातं थांबवलंही नाही. "मला ठाऊक होतं गं," म्हणाल्या. "सांगलीला रोज ऐकायचे की मी."

"मग उठलात कशा?"

"हाक मराठीतच मारेन असं देवीने कुठे कबूल केलं होतं?"

भामावहिनी आधी हसली आणि मग तिला रडू फुटलं. जावईबापूंना हे कळलं तेव्हा त्यांनी कानाला हात लावला. पुढे ते जगले तोवर दर उत्सवाला आले आणि मोराचं पद झालं की उठून हाक द्यायचे. मात्र इंग्रजीत नाही. 'वन्सं' म्हणायचे, अनुस्वारासकट, आणि मग जरा थांबून 'मोर!'

आजही आमच्याकडे नाटक कुठलंही असो, मोराचं पद त्यात घालावंच लागतं. आता स्त्रीपार्ट बायकाच करतात, तरी पद एकदा रंगमंचावर होतं आणि मग सगळं अंगण मिळून हाक देतं, "वन्सं, मोर!" ते दुसऱ्यांदा गायचं ते खालून. सूर लागला नाही तरी चालतो, कडा सांभाळून घेतो. गाणारी गावचीच हवी असंही नाही. या काळ्या कातळावर जी बसली असेल, ती त्या दिवसापुरती आमची वन्सं.

बसा हो ताई, उठताय कशाला? पेटीवाले येतायत तोवर मी तुम्हाला पद सांगतो.