तुटकान्या आणि थोरली

फार फार मागची गोष्ट. इतकी मागची, की तेव्हा या डोंगरांना नावंसुद्धा पडली नव्हती. जंगलाच्या कडेला एक गाव होतं आणि त्या गावात राजासाठी हत्ती धरणारा बहिरू राहायचा. मोठा नावाजलेला माणूस, आणि तेवढाच ताठ.

एका हिवाळ्यात राजाला मिरवणुकीसाठी थोराड हत्ती हवे झाले. बहिरूनं खड्डे खणले, वर पाचोळा पसरला आणि एका कळपातले झाडून सगळे वडीलधारे हत्ती धरून नेले. राजानं खूश होऊन त्याच्या मनगटात सोन्याचं कडं घातलं. मागे राहिली ती पिल्लं. पिल्लांची कुणाला पडली होती!

पाच-सहा पावसाळे गेले. त्यातलंच एक पिल्लू वाढून चांगलं दांडगं झालं आणि एक दिवस साऊबाईच्या परसातले फणस खाऊन गेलं. साऊबाई ही गावातली एकटी राहणारी म्हातारी, जिभेनं भलतीच फटकळ. तिनं आरडाओरडा करून गाव गोळा केलं.

गावची रीत अशी होती, की नासधूस करणारा हत्ती धरायचा, ओळखू यावा म्हणून त्याच्या कानाला काप द्यायचा आणि महिनाभर कोंडवाड्यात टाकायचा. तिसरा काप पडला, की मग जीवच घ्यायचा. तर फणसांपायी या पोराला पहिला काप पडला. कोंडवाड्यात आधीच चार बनेल हत्ती होते. फाटकाचा अडसर सोंडेनं कसा उचलायचा, कुंपण कुठं कच्चं असतं, हे सगळं तो त्यांच्याकडून शिकला. शिकवायला दुसरं होतं कोण?

सुटल्यावर तो ओढ्यावर नुसता पाणी प्यायला आला, तरी लोक ओरडायचे, "तुटकान्या आला रे, तुटकान्या!" ढोल बडवायचे, पेटते पलिते फेकायचे. मग तो बिथरायचा आणि अंगावर धावून यायचा. दुसरा काप पडला. पुढं एका भर दुपारी त्यानं साऊबाईचा गोठा पाडला आणि तिची लाडकी पाडी चिरडून मेली. म्हातारी दोन दिवस जेवली नाही. तिसरा काप पडला, आणि अमावास्येला बहिरूनं त्याला भाल्यानं मारावं, असा राजाचा हुकूम सुटला.

भाला नेमका कुठं मारायचा, ते बघायला बहिरू कोंडवाड्यात गेला. तुटकान्या कोपऱ्यात उभा होता. माणूस दिसताच तो मागे सरकला आणि आपलीच सोंड तोंडात घालून चोखू लागला.

बहिरू जागीच थिजला. घाबरलेली तान्ही पिल्लं असं करतात, हे चाळीस वर्षं हत्तींत काढलेल्या माणसाला कुणी सांगायला नको होतं. "अरे देवा," तो पुटपुटला, "हे तर अजून लेकरू आहे!"

आणि त्याला सगळं आठवलं. कळपाची म्हातारी हत्तीण, थोरली, तिला दोरखंड बांधून नेताना तिचं हेच नातवंड तीन दिवस मागे चालत आलं होतं. नदीच्या काठाशी ते थांबलं, असंच सोंड चोखत. बहिरूनं तेव्हा मागे वळून बघितलं होतं आणि तो हसला होता. आता मात्र त्याला स्वतःची लाज वाटली.

तो तडक राजाकडे गेला. "महाराज, थोरलीला जंगलात परत सोडा."

"वेड लागलंय का तुला? माझी अंबारी मग तू वाहणार?"

"त्या तुटकान्याचं मायेचं माणूसच मी उचलून आणलं, महाराज. भातकापणीपर्यंत मुदत द्या. त्यानं पुन्हा कुणाच्या शेतात पाय घातला, तर भाला आधी माझ्या छातीत घाला."

"कापणीपर्यंत," राजा शेवटी म्हणाला.

थोरली आली तेव्हा सगळं गाव कोंडवाड्याभोवती जमलं होतं. तिला बघताच तुटकान्या सोंड उगारून धावला. लोक किंचाळले. थोरली जागची हलली नाही. तिनं घशातून एक घुमारा काढला, इतका खोल, की तो कानांना जेमतेम ऐकू आला, पण प्रत्येकाच्या बरगड्यांत थरथरला. पायाखालची जमीनसुद्धा गुणगुणायला लागली. तुटकान्या धावता धावता थांबला.

मग थोरलीनं सोंडेच्या टोकानं त्याच्या कानाचे काप चाचपले. पहिला. दुसरा. तिसरा. ते एवढं मोठं धूड तिच्या पोटाखाली डोकं घालायला बघत होतं. हत्ती धरण्यात आयुष्य गेलेला बहिरू हात जोडून उभा होता, आणि हात कधी जोडले हे त्याचं त्यालाच कळलं नव्हतं.

थोरली त्याला घेऊन जंगलात गेली, आणि कापणीचे दिवस आले. एका संध्याकाळी ते दोघं साऊबाईच्या पिकल्या शेताच्या कडेला येऊन उभे राहिले. बहिरू धावत आला. तुटकान्यानं बांधावर पाय उचलला. एका गड्यानं ढोलावर टिपरू उगारलं, तसा साऊबाईनंच त्याचा हात धरला.

"थांब मेल्या! अजून काही केलंय का त्यानं?"

मागून तो घुमारा आला. तुटकान्याचा पाय अधांतरी राहिला. केवढा तो पाय, आणि खाली केवढीशी ती भाताची लोंबी! त्यानं पाय हळूच मागे घेतला, आणि आजीमागोमाग तो जंगलात निघून गेला.

साऊबाई तिथंच बांधावर बसून रडली. बहिरूनं हातातलं कडं उतरवून तिला नव्या पाडीसाठी दिलं. म्हातारीनं ते घेतलं, पण चार शब्द सुनावल्यावरच. राजानं कान कापायची रीत बंद केली आणि कोंडवाड्याचं फाटक उखडून त्याच्या लाकडांचा ओढ्यावर साकव घातला. धरलेले बाकीचे हत्तीही एकेक करून त्या साकवाजवळून आपल्या घरी गेले.

तर मंडळी, यातून एवढंच घ्यायचं: वाट चुकलेल्या लेकराला शिक्षा करण्याआधी, त्याला वाट दाखवणारी माणसं कुठं गेली, ते विचारावं.