ताटाएवढ्या सावलीचं झाड

एक होता राजा. राजे तसे पुष्कळ होऊन गेले, पण या राजाची तऱ्हाच निराळी. याला झोप येत नसे. एकदा काय झालं, याची झोप उडाली ती उडालीच. का उडाली ते त्याचं त्यालाही ठाऊक नाही. वैद्य झाले, हकीम झाले, काशाच्या वाटीनं तळपायाला तूप चोळून झालं, तरी डोळा काही लागेना. मग राजा चिडला. म्हणाला, मी इथं टक्क जागा आणि माझी प्रजा खुशाल घोरते म्हणजे काय? आजपासून राज्यात कुणीही झोपायचं नाही. आता याला काय म्हणावं? पण राजाचा हुकूम तो हुकूम, बरं का.

मग गल्लोगल्ली ढोलवाले फिरायला लागले. कुणाचा डोळा लागतोय न लागतोय तोच कानाशी ढुम ढुम ढुम. लोक उभ्या उभ्या पेंगायचे. न्हाव्यानं एका पाटलाची अर्धीच मिशी कापली. हलवायानं जिलबीच्या पाकात मीठ ओतलं. हसताय काय, तुमच्यावर वेळ आली असती म्हणजे कळलं असतं. आणि मोठ्यांचं एक वेळ निभतं, पण लहान पोरांनी काय करायचं?

राजाच्या बागेत एक माळीण होती, येसू तिचं नाव. नवरा नव्हता बिचारीला. एक लेक तेवढी होती, चिमी, दोन वर्षांची. चिमीचे डोळे सदा लाल. भरवलं की थुंकायची, उचललं की अंग टाकायची, खाली ठेवलं की रडायची. पोर दिवसेंदिवस वाळत चालली. एक दिवस येसूनं लेकीला कडेवर घेतलं, पदर खोचला आणि म्हणाली, "तुला पोटभर झोप मिळवून देईन, तरच नावाची येसू." एकदा तोंडातून शब्द गेला की मागं हटणारी नव्हती ती.

येसूच्या हातात एक कसब होतं. वड म्हणा, उंबर म्हणा, चिंच म्हणा, कुठलंही झाड ती परातीत लावायची आणि वीतभरच ठेवायची. पण कसं? तर म्हाताऱ्या झाडासारखं, खोडाला सुरकुत्या, पारंब्या, सगळं जिथल्या तिथं. तुमचा मामा हल्ली गच्चीत करतो ना, बोन्साय, तेच ते. फक्त मामाची मरतात, येसूची मरत नसत.

तर एकदा उत्तरेकडून एक म्हातारा शाली विकायला आला. बोलता बोलता त्यानं येसूला सांगितलं, की आमच्या बर्फाच्या डोंगरात अंगू नावाचं झाड असतं. कडुनिंबासारखी जोडीजोडीची पानं. त्याच्या सावलीत डोकं टेकलं, की कसाही माणूस झोपतो. येसूनं कान टवकारले. पण म्हातारा म्हणाला, पोरी, ते झाड सात ताडांएवढं उंच. त्या एवढ्या मोठ्या सावलीत जो निजला, तो बारा वर्षं उठत नाही. राजा बारा वर्षं निजून कसं चालायचं? सावली हवी ताटाएवढी, फक्त डोक्यापुरती.

ताटाएवढी सावली! येसू मनात म्हणाली, हे तर माझंच काम.

मग ती राजाकडे गेली आणि तीन वर्षांची मुदत मागून घेतली. चिमीला पाठीशी बांधलं आणि निघाली. तीन महिने चालली. बर्फाच्या डोंगरात खडकाच्या फटीत तिला अंगूचं एक रोप सापडलं, बोटाएवढं जाड, वाकडं, वाऱ्यानं झोडपलेलं. तिनं ते मुळांसकट हळूच सोडवलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि घरी आणून मुरूम आणि शेणखत घातलेल्या परातीत लावलं.

आणि काय सांगू, ते झाड असं फोफावलं! आठ दिवसांत हातभर वर, पानं सुपाएवढी. येसूनं कात्री घेतली. शेंडा छाटला. तीन फांद्या ठेवल्या, बाकीच्या काढल्या. त्यांना तांब्याची तार गुंडाळून हळूहळू वाकवलं, आणि सालीत रुतायच्या आत तार सोडवली. मोठी पानं खुडली, की त्यांच्या जागी लहान यायची. ती पुन्हा खुडली, की आणखी लहान. असं करत करत चिंचेच्या पानाएवढी पानं झाली. झाड वीतभर, पण दिसायला शंभर वर्षांचं.

मग थंडी आली आणि झाडाची सगळी पानं गळली.

वाड्यात हाहाकार उडाला. मेलं, मेलं! आपल्याकडचा वड कधी असा बोडका झालेला पाहिलाय कुणी? येसूसुद्धा घाबरली. तिनं झाड चुलीपाशी नेऊन ठेवलं, कोमट पाणी घातलं. मग भर थंडीत पानं फुटली, पण कशी? फिकट, लुळी. राजानं त्या सावलीत डोकं टेकलं. त्याला एक जांभई आली, बस्स. आणि झाडाची एक फांदी वाळून गेली.

दुसऱ्या वर्षी पानं गळायच्या आधीच येसूनं काळजी घेतली. पेंड घातली, ताकाचं पाणी घातलं, भोवती शेगड्या लावल्या. नारबा नावाचा एक ढोलवाला तर झाडाच्या उशालाच बसवला होता, हुकूमच तसा होता. पुन्हा तीच तऱ्हा. राजाला दोन जांभया आल्या आणि दुसरी फांदीही गेली. आता एकच फांदी उरली.

तिसरी थंडी तोंडावर आली. येसू चिमीला भरवत बसली होती. मऊ भात, वर तूप. चिमीनं घास थुंकला. दूध दिलं, वाटी उलथली. शिरा दिला, तोंड फिरवलं. येसूला रडू आलं. म्हणाली, "अगं, काय देऊ तुला? तुला खायला नकोय, तुला झोप हवीय गं." आणि असं बोलता बोलता तिची नजर परातीकडे गेली. पिवळी पानं, थकलेली फांदी. येसूचा हात तिथल्या तिथं थांबला. हिला झोप हवी आहे. मग त्यालाही झोपच हवी असेल! बर्फाच्या देशातलं झाड ते, वर्षातून एकदा निजत असेल. आणि आपण दोन वर्षं त्याला शेगड्या लावून जागं ठेवलं.

येसूला स्वतःचा इतका राग आला, की तिनं कपाळावर हात मारून घेतला. पण रडत बसली नाही. परात डोक्यावर घेतली, चिमीला पाठीशी बांधलं आणि थेट गावामागचा डोंगर चढून वर गेली. वर असा गारठा, की सकाळी गवतावरचं दव गोठलेलं असायचं. तिथं एका कपारीत तिनं परात ठेवली, मुळांवर पालापाचोळा पांघरला आणि समोर कांबळं घेऊन बसली. मागोमाग नारबा ढोलवाला धापा टाकत आलाच. येसूनं त्याला कपारीपासून शंभर पावलांवर बसवलं. म्हणाली, माझ्यासाठी हवा तेवढा वाजव, याच्यासाठी नको.

पानं गळली. आता काय करायचं? काही म्हणजे काहीच करायचं नाही. माती कोरडी पडली तर ओंजळभर पाणी, बास. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं. पण माळिणीच्या हाताला स्वस्थ बसवत नाही रे. येसूचे हात नुसते शिवशिवायचे. ती ते काखेत दाबून बसायची.

मग प्रधान आले. डोलीतून आले, चालत नाही. बरोबर खताच्या सात गोण्या. येसू म्हणाली, परत न्या. मग राणीसाहेब आल्या, मोठ्या मनाची बाई हो, झाडाला गुंडाळायला पश्मिन्याची शाल घेऊन आल्या. येसूनं शाल कपाळाला लावली आणि चिमीला पांघरली. झाडाला हात लावू दिला नाही.

मग थंडी सरली. पळस फुलला. आंब्याला मोहर आला. पिंपळाला तांबूस पालवी फुटली. अंगूवर मात्र काळे कुळकुळीत कोंब, गच्च मिटलेले. खालून लोक ओरडून विचारायचे, फुटलं का गं? नाही. फुटलं का? नाही. येसू मनात म्हणायची, खरंच मेलं असलं तर?

शेवटी राजा स्वतः वर आला. डोळ्यांखाली काळं, हातात तलवार. त्यानं मिटलेले कोंब पाहिले आणि गरजला, की माझ्या राज्यात मी झाडाचीसुद्धा झोप खपवून घेणार नाही.

येसू परातीच्या पुढ्यात उभी राहिली. म्हणाली, "महाराज, दोन वर्षं मी तुमच्यासाठी याला जागं ठेवलं. थकलेलं झाड तुम्हाला कसं निजवणार? ते आपणहून उठेपर्यंत मी कुणाला हात लावू देणार नाही." आणि तिनं नखानं खोडाची साल जराशी खरवडली. आत हिरवंगार! राजा त्या हिरव्या ठिपक्याकडे बघतच राहिला. तीन वर्षांत त्याला कुणी नाही म्हटलं नव्हतं. त्यानं तलवार खाली ठेवली आणि तिथंच दगडावर बसला.

एक दिवस बसला. दुसरा दिवस बसला. तिसऱ्या दिवशी दुपारी शेंड्याचा काळा कोंब तडकला. मग शेजारचा. मग सगळे. जोडीजोडीनं पानं उलगडली, लहान, चकचकीत, भरदार. फांदी एकच उरली होती, म्हणून सावलीही पडली बरोब्बर ताटाएवढी.

राजानं मुकुट काढला. दगडावर आडवा झाला, सावलीत डोकं टेकलं, आणि म्हणाला, "येसू, चुकलं गं माझं. आता कुणालाच उठवू नका." पुढचं बोलायच्या आत घोरायला लागला.

येसूनं नारबाला खूण केली. नारबानं ढोल खाली ठेवला आणि त्याच्यावरच डोकं टेकलं. मग पायथ्याचा ढोल थांबला, वेशीवरचा थांबला, पेठेतला थांबला. तीन वर्षांत पहिल्यांदा राज्यात गपचिप झालं. चिमीनं येसूच्या मांडीवर डोकं ठेवलं, एकदा डोळे चोळले आणि झोपली. येसू तिच्याकडे किती वेळ पाहत बसली. पोरीची छाती हलके हलके वरखाली होत होती. येसूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तिनं पुसलंही नाही.

राजा सात दिवसांनी उठला तो शहाणा होऊन उठला. मग दर थंडीत झाडाला डोंगरावर न्यायचे, आणि तेवढे दिवस तिकडे कुणी मोठ्यानं बोलतसुद्धा नसे. राजा सुखी झाला, प्रजा सुखी झाली, चिमी चांगली गुटगुटीत झाली.

पण त्या दुपारचं सांगायचं राहिलं. प्रधान झोपले, राणीसाहेब झोपल्या, न्हावी झोपला, हलवाई झोपला, गोठ्यातली गुरं झोपली. मग येसूनंही दगडाला पाठ टेकली आणि डोळे मिटले. सगळं राज्य झोपलं. उरलात कोण, तर तुम्ही दोघं आणि मी. आणि मी तर ही निजलेच.