एरिथाच्या मागाचा जड गोळा

फार लांब, समुद्रापलीकडे, ग्रीक लोकांच्या मुलखात एक होती जाऊ. तिला होती दुसरी जाऊ. थोरली एरिथा, धाकटी मेलिता. दोघींचे नवरे राजाची जहाजं वल्हवायला गेलेले. घरात म्हातारी सासू आणि एरिथाची छोटी लेक, फिलो.

गावामागे डोंगर, डोंगरावर राजवाडा. तिथं बायका राजाचं कापड विणायच्या. पण एकीनं एकच काम करायचं, बरं का. लोकर पिंजणारी नुसती पिंजायची. काठ विणणारी नुसता काठ विणायची आणि पुढे द्यायची.

त्यांचा माग असायचा उभा, भिंतीला टेकवलेला. आधी वरचा काठ विणायचा. त्या काठातून धागे खाली सोडायचे आणि ते ताठ राहावेत म्हणून टोकांना मातीचे गोळे बांधायचे. गोळे सगळे सारख्या वजनाचे हवेत. एक जरी जड झाला, तरी कापड तिकडे ओढलं जातं.

तर एकदा काय झालं, राजवाड्यातून माणूस आला. त्यानं दोघींचे काठ पाहिले आणि मेलिताला घेऊन गेला. सासू म्हणाली, "धाकटीचा काठ बघ, ताणलेल्या दोरीसारखा. तुझा शेळीनं चघळल्यासारखा."

झालं. एरिथाच्या पोटात जे दुखायला लागलं, ते थांबेचना.

मेलिता सणाला घरी यायची. अंगाला गुलाबाच्या तेलाचा वास, टोपलीत राजवाड्यातली अंजिरं. ती दारात दिसली की सासू अंथरुणात उठून बसायची. एरिथासाठी ती कधी उठून बसली नव्हती.

मग एक दिवस एरिथा समुद्राकाठी लोकर धूत होती. पाण्यातून एक म्हातारी वर आली. केसांत शेवाळ, पापण्यांवर मीठ. तिनं एरिथाच्या हातावर मातीचा गोळा ठेवला. म्हणाली, "ज्याचा हेवा वाटेल, ते याला सांग. ते नाहीसं होईल. त्याचा भार मात्र तुझ्या मागावर राहील."

एरिथानं त्यातलं पहिलं तेवढंच ऐकलं.

घरी येऊन तिनं गोळा मागाला बांधला आणि हळूच सांगितलं, तो तेलाचा वास जाऊ दे. पुढच्या सणाला मेलिता आली, तिला मेंढरांचा वास येत होता. तेलाची जहाजं आलीच नाहीत म्हणे. एरिथाला बरं वाटलं. गोळा थोडा जड झाला.

मग तिनं सांगितलं, ती अंजिरं जाऊ देत. पुढच्या सणाला मेलिताची टोपली रिकामी. राजवाड्याची कोठारं आटत चालली होती. एरिथाला बरं वाटणार होतं, पण फिलो त्या टोपलीत हात घालून नुसती बसून राहिली. अर्धी अंजिरं नेहमी तिचीच असायची ना. गोळा आणखी जड झाला. कापड तिरकं जायला लागलं.

तरी सासू म्हणालीच, किती वाळली गं माझी मेलिता. आणि आपल्या पुढ्यातली भाकरी तिनं मेलिताला दिली.

मग एरिथानं तिसऱ्यांदा सांगितलं. हिची डोंगरावरची जागाच जाऊ दे.

सकाळी उठून बघतात तर राजवाडा जळतोय. कुणी म्हणालं, समुद्रावरून लुटारू आले. कुणी म्हणालं, भूकंपात चुली उलटल्या. कुणी म्हणालं, उपाशी माणसांनीच आग लावली. एरिथा मागाकडे धावली आणि गोळा सोडवायला लागली. गोळा धोंड्याएवढा जड, आणि गाठ सुटेना. तिला वाटलं, मेलिता गेली. आपणच घालवली.

तेवढ्यात दारात मेलिता उभी. तोंड काजळीनं काळं, पाय अनवाणी. आणि काय सांगू, सासू उठून बसली. एरिथाच्या पोटात पुन्हा तेच दुखलं, तसा गोळा हिसका देऊन खाली गेला आणि माग कलला. खाली फिलो खेळत होती.

एरिथानं एका बाजूनं माग धरला. एकटीला पेलवेना. मग मेलितानं धावत येऊन दुसऱ्या बाजूनं धरला. फिलो रांगत बाहेर आली.

मेलिता धापा टाकत म्हणाली, "जाऊबाई, एवढं जड काय बांधलंत?"

एरिथा तिच्याकडे न बघता म्हणाली, "तुझा हेवा."

मेलिता म्हणाली, "मला तुमचा वाटायचा. तिथं मी काठ विणला की कुणीतरी घेऊन जायचं. पुरं झालेलं कापड मी एकदाही पाहिलं नाही. तुमचं वाकडं असलं तरी फिलो ते पांघरायची."

मग काय झालं असेल? दोघींच्या हातातला माग हलका झाला. बघतात तर गोळा अंजिराएवढा.

मग हिवाळा आला. राजा नाही, कोठार नाही. मेलितानं काठ विणला. खालचं सगळं एरिथानं विणलं. एक सरळसोट कांबळं झालं, ते फिलोला मिळालं. नवरेही आले, गळक्या होडीतून. आता वल्हवायला राजाची जहाजं नव्हती, म्हणून मासे धरायला लागले.

सासू काही बदलली नाही. कांबळं चाचपायची आणि म्हणायची, काठ बघा काठ. तेव्हा मागाचा तो गोळा पुन्हा एवढासा जड व्हायचा. मेलिता हळूच एरिथाकडे बघायची. एरिथा म्हणायची, "झाला जड, सारखा करून बांध गं पुन्हा." आणि दोघी हसायच्या.

अशी ती सगळी सुखानं राहिली. चला बाळांनो, आता पांघरूण दोघांनी सारखं घ्या. कुणी आपल्याकडे ओढलं, तर गोळा कुणाजवळ आहे ते लगेच कळेल, बरं का. मिटा डोळे.