काळे ठिपके

“पण बुवा, औषध कोणतं, ते सांगणार आहात की नाही?”

शरयूबाई हुद्दारांचा आवाज चढला होता. बत्तीस वर्षं त्यांनी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. आणि आज देवळाच्या फुलबागेत हयात घालवलेल्या, चौथी शिकलेल्या सिदूबुवा गुरवांना त्यांनी स्वतः बोलावणं धाडलं होतं.

इलाजच उरला नव्हता. अकरा वर्षं खपून त्यांनी स्वतःचा एक केशरी गुलाब तयार केला होता. जगात कुठेच नाही असा. त्याची पाऊणशे झाडं अंगणात लावली, आणि पानांवर काळे ठिपके आले. पान पिवळं पडायचं, गळायचं. कित्येक झाडांच्या नुसत्या काटक्या उरल्या होत्या.

“सकाळी उठून काय करता?” बुवांनी विचारलं.

“तिसऱ्यांदा विचारताय हे!” बाईंनी कपाळावर हात मारला. “दव असतानाच बागेत येते. ओल्या पानावर ठिपका चटकन दिसतो. एकेक पान उलटून बघते. रोगट असलं तर खुडते, की पुढचं झाड.”

“सगळी झाडं?”

“सगळी. एक दिवस खाडा नाही. गंधक झालं, मोरचूद-चुना झाला, निंबोळीचा अर्क झाला... अहो, ही बुरशी मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आहे. तिचं नाव-गाव मला पाठ आहे. मला उपाय हवाय!”

बुवा कुंपणाकडे चालू लागले. बाई चडफडत मागून गेल्या. जाता जाता एक ठिपक्याचं पान त्यांनी सवयीनं खुडलं.

निवडुंगाच्या पलीकडे एक झाड उभं होतं. तोच केशरी गुलाब. हिरवागार. सात-आठ कळ्या धरलेला.

“याला काय मारता?”

“त्याला? काहीच नाही.”

“का?”

“मध्ये निवडुंग आहे ना. तिथवर माझा हात...”

बाई थांबल्या.

...

रोगट पान अजून त्यांच्या चिमटीत होतं. शेजारच्या झाडाकडे निघालेला तोच हात त्यांनी हळूच मागे घेतला.



“बुवा,” बाईंचा आवाज उतरला होता, “मग मी करू तरी काय?”

बुवांनी हौदातून तांब्या भरून घेतला.

“आधी हात धुवा.”