भिंतीवरचा तांबडा हात

फार जुन्या काळी, राजे हत्तीवरून हिंडत आणि नद्या आपल्या मर्जीनं वाहत, तेव्हाची ही गोष्ट. मुलांनो, तुम्ही ऐका. आणि मुलांना पुढं बसवून मागून कान देणाऱ्या मोठ्यांनो, तुम्ही तर नीटच ऐका. ही खरं म्हणजे तुमच्यासाठीच आहे.

एका नदीच्या काठी एक लहानशी आळी होती. पुढं नदी, मागं उभा कडा. बाहेर जायची वाट एकच, तीही नदीच्या कडेनं. म्हणून जुन्या माणसांनी प्रत्येक घरात लाकडी माळा बांधला होता आणि माळ्याला मागून एक लहान दार ठेवलं होतं. ते दार थेट कड्यावरच्या पठारावर उघडायचं. नदी घरात शिरली की आधी पोरंबाळं माळ्यावर, मग धान्य, मग शेळ्या, आणि तिथून सगळे पठारावर.

शिवाय आळीची एक रीत होती. पूर ओसरला की घरातली सगळ्यांत वडील बाई वाडग्यात तांबडी काव कालवायची, तळव्याला फासायची आणि पाणी जिथवर चढलं होतं तिथं भिंतीवर हात उमटवायची. घरात नवी सून आली की तिला आधी तो हात दाखवत, मग चूल दाखवत.

पण पुढं कितीतरी वर्षं मोठा पूर आलाच नाही. भिंतीवरचे हात फिके पडले, आणि त्यांच्याकडे बघणारी नजरही फिकी पडली.

अशात राजानं डोंगरापलीकडे नवं शहर वसवलं. आळीतल्या सगळ्यांना तिकडे जायचे वेध लागले. नेमके त्याच वेळी दूरच्या कोरड्या मुलखातून विणकरांचा एक जथा घरं शोधत आला. त्यांच्या मुखियानं निरोप धाडला, "आम्ही एकमेकांना सोडून राहत नाही. घेऊ तर अख्खी आळी घेऊ, नाहीतर एकही घर नको."

झालं! आळीला नुसता ऊत आला. कुणी अंगण सारवलं, कुणी दाराला तेल पाजलं, कुणी वर्षानुवर्षांची जळमटं काढली. इथवर सगळं ठीक. पाहुणा यायचा तर घर साफ करावंच. पण आळीचा कारभारी रंभाजी होता मोठा हुशार. तो घरोघर सांगत सुटला, "ते तांबडे हात आधी चुन्यानं झाका. आणि माळे पाडून टाका! माळ्यानं घर कसं ठेंगणं दिसतं. माळा गेला की घर कसं उंच, हवेशीर! गिऱ्हाईक बघताक्षणी खूश."

लोकांना ते पटलं. भराभर माळे उतरले, त्यांच्या लाकडांवर चार दिवस भाकऱ्या भाजल्या. माळ्यांची मागची दारं भिंतीत उंचावर लटकत राहिली. ती बरी दिसेनात, म्हणून तीही बुजवली. आता काय म्हणावं या शहाण्यांना!

आळीच्या टोकाला धुरपाकाकू राहायची. एकटी बाई, नवरा कधीच गेलेला. एकुलती एक लेक नव्या शहरात दिली होती आणि तिचे दिवस भरत आले होते. लेकीच्या घरी सासू नाही, नणंद नाही, बाळंतपण करणारं कुणी नाही. काकूला तिच्याजवळ जायचं होतं. पण जावयाच्या दारात आश्रित म्हणून नव्हे, घराच्या पैशातून शेजारीच स्वतःची खोली घेऊन, ताठ मानेनं. म्हणजे घर विकलं जाण्याची गरज आळीत सगळ्यांत जास्त कुणाला असेल, तर तिला.

तिनंही घर सारवलं. कवाड दुरुस्त केलं, चुलीला पोतेरं दिलं. पण भिंतीवरच्या हाताला तिनं चुना लावला नाही आणि माळ्याची एक फळी हलवली नाही.

रंभाजी आला. "काकू, एवढंच राहिलंय बघा. द्या आटपून."

"नाही देत."

"अहो, पण तो हात बघून गिऱ्हाईक विचारेल ना!"

"विचारू दे की. मी सांगेन."

"तुमच्या एका भिंतीपायी अख्ख्या आळीचा सौदा मोडेल!"

"मग आळीनं भिंतीशी बोलावं. हा हात माझ्या सासूबाईंचा आहे," काकू म्हणाली. "आणि रंभाजी, त्या पुरात तू एवढासा होतास. तुमच्या माळ्यापर्यंत पोचता येईना, तेव्हा सासूबाईंनी छातीभर पाण्यात उतरून तुला खांद्यावर घातलं न् या माळ्यावर चढवलं. विसरलास?"

रंभाजी खरंच विसरला होता. पण विसरलो म्हणायला जीभ रेटेना, म्हणून तो रागावला आणि पाय आपटत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मुखिया येणार होता. सकाळी काकू नदीवर धुणं घेऊन गेली आणि इकडे आळीतले चार बाप्ये चुन्याची बादली घेऊन तिच्या घरात घुसले. काकू परतली तेव्हा भिंत पांढरीफटक झाली होती. सासूचा हात नाहीसा झाला होता. ती धुण्याचा पिळा हातात घेऊन तशीच उभी राहिली. डोळ्यांत पाणी आलं. मग पाण्याच्या जागी अंगार आला.

तेवढ्यात रंभाजी मुखियाला आणि त्याच्या बायकोला घेऊन दारात हजर झाला. मागं सगळी आळी होती. "या, या! हे शेवटचं घर. बघा कसं लख्ख आहे!"

काकूनं पदर खोचला. कोनाड्यातून काव काढली, सगळ्यांदेखत वाडग्यात कालवली. तिवई ओढली, वर चढली, सासूबाईंचा हात जिच्या शेजारी होता ती दाराच्या चौकटीवरची खुंटी चाचपून बघितली आणि तिथंच, ओल्या चुन्यावर, तळहात थापला. तांबडालाल हात उमटला.

"हे काय?" मुखियानं विचारलं.

"नवस हो, देवीचा नवस!" रंभाजी घाईनं म्हणाला.

"देवीला मधे ओढू नकोस!" काकू तिवईवरूनच कडाडली. "पाहुणे, इथवर नदीचं पाणी येतं. दरवर्षी नाही, पण येतं. घर पक्कं आहे, उन्हाळ्यात गार असतं, माणसं... असायची चांगली. घ्यायचं तर हे माहीत असून घ्या."

मुखिया हाताकडे बघत राहिला. विणकरांचे माग जमिनीत खड्डा खणून बसवलेले असतात. विणणारा त्या खड्ड्यात पाय सोडूनच दिवसभर बसतो. त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "मग बाकीच्या घरांत असा हात कसा नाही?"

जो तो दुसऱ्याच्या आड सरकला. "अमावास्येनंतर येऊन सांगतो," म्हणून तो निघून गेला.

मग काय विचारता! आळीनं काकूला वाळीत टाकलं. विस्तव बंद, बोलणं बंद. पाणवठ्यावर ती आली की बायका घागरी उचलून चालू लागत. "एका म्हातारीनं सगळ्यांच्या तोंडचा घास काढला," असं तिला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणत. तिकडून लेकीचा निरोप आला, आई, कधी येतेस? त्या दिवशी काकूचं मन डळमळलं. गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं, असं तिला वाटलं. ती खूप रडली. पण वाडगं पुन्हा कोनाड्यात ठेवताना स्वतःशीच म्हणाली, "त्या खड्ड्यात दुसऱ्याच्या पोरांचे पाय असतील. नाही म्हणजे नाही!"

आणि एका दुपारी नदी आली.

आळीत पावसाचा थेंब नव्हता, आभाळ निळं होतं. पाऊस दूर वरच्या डोंगरात कोसळत होता, आणि नदी काही कुणाला विचारून येत नाही. बघता बघता वाट बुडाली, अंगणं बुडाली. माणसं सवयीनं घरात धावली, वर बघितलं, तर माळा कुठं होता? उंच, हवेशीर भिंती तेवढ्या होत्या. मागची दारं त्यांनी आपल्याच हातांनी बुजवली होती.

"इकडे या!" काकू दारातून ओरडत होती. "बघताय काय माझ्या तोंडाकडे? पोरं आधी द्या!"

पोरं वर गेली, बायका गेल्या, म्हातारे गेले, शेळ्याही गेल्या. एकाच माळ्यावरून, एकाच दारातून सगळी आळी पठारावर निघाली. शेवटी कमरेपेक्षा वर पाण्यात उभा राहिला तो रंभाजी. काकूनं वाकून त्याचं मनगट धरलं.

"चढ, मेल्या! याच शिडीवरून तुला दुसऱ्यांदा चढवतेय आमचं घर."

रंभाजी चढला आणि माळ्यावर बसून लहान मुलासारखा रडला.

पाणी ओसरलं तेव्हा मुखिया बायकोसह आला. प्रत्येक घराच्या पांढऱ्या भिंतीवर गाळाची तपकिरी रेघ होती, चौकटीच्याही वर. आणि काकूच्या घरात ती रेघ तांबड्या हाताच्या बोटांशी येऊन टेकली होती.

"एकटं घर घेणार नाही म्हणालो होतो, पण हे घर मी घेतो," मुखिया म्हणाला. "काकू सांगतील त्या किमतीला. माग आम्ही पठारावर बसवू आणि राहायला इथं येऊ." मग तो बाकीच्यांकडे वळला. "तुम्ही आधी माळे बांधा, मागची दारं उघडा आणि भिंतीवर खरे हात उमटवा. मग बोलू. तोवर माझा तुमच्या चुन्यावरही विश्वास नाही."

आळी मान खाली घालून लाकडं तोडायला गेली. रंभाजी सगळ्यांच्या पुढं होता.

काकूनं गाठोडं बांधलं. निघताना तिनं काव कालवलेलं वाडगं मुखियाच्या बायकोच्या हातात दिलं. "रीत माहीत आहे ना आता? यंदाचा हात तुझा. आणि सुनेला आधी हात दाखव, मग चूल."

मुखियाची बायको तिवईवर चढली. काकू मात्र मागं वळून न बघता लेकीच्या वाटेला लागली होती.

तात्पर्य : जे खरं आपण दुसऱ्यापासून झाकतो, ते झाकता झाकता आपणही विसरतो, आणि बुडतो आधी आपणच.