सोन्याची कोळिष्टकं

एका राज्यात, ज्याचं नाव मी मुद्दामच घेत नाही कारण घेतलं की तोंड कडू होतं, सुवर्णकेतू नावाचा राजा राज्य करत होता. राज्य करत होता म्हणजे काय, तर सिंहासनावर बसून जे दिसेल ते आपलं म्हणत होता. नदी त्याची, नदीतली मासोळी त्याची. विहीर त्याची, विहिरीवर वाकलेल्या पिंपळाची सावलीही त्याची. शेतात पिकलं की राजाचा शिक्का, झाडाला लागलं की राजाचा शिक्का. लोक बिचारे शिंकले तरी इकडेतिकडे पाहायचे, की निदान शिंक तरी आपली आहे ना!

त्या राज्यात सगुणा नावाची सुतारीण राहत होती. तिच्या नवऱ्यानं, येसाजीनं, आपल्या हातांनी नवं घर उभं केलं होतं. शिसवी खांब, सागाची तुळई, दारावर कोरलेली मोरांची जोडी. वास्तुशांत झाली, गावजेवण झालं, आणि लगेच राजाच्या माणसांनी येसाजीला वेठीला धरून डोंगरी किल्ल्यावर नेलं. घरात उरली सगुणा, तिचे सासरे धर्मोजी आणि लहानगी ठकी.

मग घरात कोळी निघाले.

लिंबाएवढे काळेभोर कोळी, पाठीवर शेंदरी ठिपका. आढ्यात कोळी, फडताळात कोळी, पिठाच्या डब्यात कोळी, अंथरुणाच्या वळकटीत कोळी. सगुणेनं केरसुणी चालवली, धुरी दिली, कढत पाणी ओतलं. एक हुसकला की त्याच्या जागी दुसरा येऊन बसे. त्यांच्या जाळ्यांचे धागे शुद्ध सोन्याचे होते. आणि ज्याला ते चावत, त्याचं अंग चावल्या जागेपासून गार पडत जाई. गारवा काळजाला पोचला की खेळ खलास. गोठ्यातली कपिला तशीच गेली.

सगुणा तडक दरबारात गेली.

"महाराज, माझं घर विषारी कोळ्यांनी भरलं आहे. सोन्याच्या धाग्याची जाळी विणतात आणि चावून जीव घेतात. माणूस पाठवा, उपाय सांगा."

राजा पेंगत होता. सोन्याच्या धाग्याचं कानावर पडताच ताठ बसला. त्याच्या उजव्या हाताला कंटकनाथ जादूगार उभा होता, त्याच्याकडे त्यानं पाहिलं. कंटकनाथ म्हणाला, "महाराज, हे कोळी म्हणजे साक्षात लक्ष्मी. त्यांना धक्का लागता कामा नये."

"ऐकलंस बाई?" राजा म्हणाला. "कोळी आमचे, धागा आमचा. एकालाही मारलंस तर शिरच्छेद."

"आणि घर, महाराज?"

"घर तुझं. आम्ही कुठं मागितलं?"

काय पण उदारपणा! ज्या घरात पाय टाकायला जागा नाही ते घर तिचं, आणि त्यातलं सोनं ह्यांचं! दुसऱ्या दिवसापासून शिपाई येऊ लागले. हाताला कातडी मोजे, पायाला गुडघ्यापर्यंत चामडं. सकाळी यायचे, चातीवर सोनं गुंडाळायचे, निघून जायचे. ठकी अनवाणी घरात फिरते आहे हे एकाच्याही डोळ्यांना दिसलं नाही. त्या सोन्याचा राजाला पायघोळ अंगरखा विणला गेला, आणि तो घालून राजा आरशापुढे उभा राहू लागला.

मग ठकीच्या पायाच्या अंगठ्याला कोळी चावला.

सगुणा पुन्हा दरबारात गेली. या वेळी तिनं मुजराही केला नाही.

"महाराज, माझी लेक गार पडते आहे."

"कुठवर?"

"घोट्यापर्यंत."

कंटकनाथ गालात हसला. "तरीच आज धागा जास्त निघाला, महाराज. पोर जसजशी निवेल तसतसं सोनं वाढेल."

आणि ऐका, हे ऐकून राजाचा चेहरा उतरला नाही. त्यानं अंगरख्याची बाही कुरवाळली आणि म्हणाला, "मग अंगरख्याला आणखी घेर देता येईल म्हणायचं." असल्या माणसाला महाराज म्हणायला माझी जीभ रेटत नाही; पण गोष्टीत राजा लागतो, म्हणून म्हणायचं.

सगुणा घरी आली. ठकीचा पाय मांडीवर घेऊन चोळत बसली. रडली नाही. वळचणीला एक साळुंकी घरटं करून राहिली होती, ती खाली येऊन उंबऱ्यावर बसली आणि बोलू लागली.

"सगुणाबाई, कोळ्यांना झोडपून काय होणार? ते आपणहून आलेले नाहीत. त्यांना आवतण होतं."

"कुणी दिलं आवतण? नाव सांग, झिंज्या उपटते त्याच्या."

"सासऱ्यांना विचार."

धर्मोजी ओटीवर बसले होते. त्यांनी मान खाली घातली. "मीच दिलं, सूनबाई. वास्तूच्या जेवणाचं. कंटकनाथ दरबारातला माणूस, म्हटलं जरा थाटात बोलवावं. त्याच्या दाराशी अक्षता ठेवल्या आणि चूलबंद आमंत्रण दिलं."

त्या राज्यात आमंत्रणाची रीत होती. एकट्याला बोलावलं तर एकट्यानं यायचं. चूलबंद बोलावलं तर त्या घरची चूल त्या दिवशी पेटायची नाही. घरातलं थोरलं धाकटं झाडून सगळं जेवायला यायचं. आणि यजमानानं त्यांची पानं मांडायची, पाहुणे उशिरा आले तर पानं झाकून ठेवायची. यात कसूर म्हणजे यजमानाच्या घराला लांच्छन.

"पण त्याच्या घरचं कुणीच आलं नाही!" सगुणा म्हणाली. "मामंजी, आपण वाट पाहिली. मग मीच रागानं म्हटलं, येत नाहीत तर नाहीत, त्यांची पानं उचला."

"आले होते," साळुंकी म्हणाली. "कंटकनाथानं बायको, भाऊ, भावजया, गडीमाणसं, सगळ्यांना कोळी करून ठेवलं आहे, सोनं कातायला. उपाशी ठेवलं की धागा चांगला निघतो. जन्मात पहिल्यांदा त्यांना कुणी जेवायला बोलावलं. त्यांनी घरची चूल विझवली आणि आले. भिंतीलगत ओळीनं पंगतीला बसले. तू काय केलंस?"

सगुणेला आठवलं. भिंतीलगत कोळ्यांची रांग पाहून तिनं केरसुणी घेतली होती.

मग तिचा आवाज पुन्हा चढला. "माझं चुकलं. पण माझ्या लेकीनं काय केलं होतं?"

"काही नाही. म्हणूनच घाई कर. पाहुणचार पुरा झाल्याशिवाय शाप सुटायचा नाही. पायांना पाणी दे, पोटाला अन्न दे, हाताला विडा दे. पण ज्यावर राजाचा शिक्का आहे असं काहीही चालणार नाही. त्या शिक्क्यातच कंटकनाथाची जादू आहे."

आता सांगा, त्या राज्यात बिनशिक्क्याचं काय उरलं होतं? सगुणेनं पदर खोचला, ठकीला सासऱ्यांच्या मांडीवर दिलं, विळा-कळशी घेतली आणि चालू लागली. गारवा गुडघ्याला आला होता.

रानात एक दरड होती, दरडीत झरा होता आणि झऱ्यावर पाच फण्यांचा नाग होता. राजाचे शिपाई तिथवर जायला धजले नव्हते, म्हणून पाणी मोकळं राहिलं होतं.

"कोण आहेस?" नागानं विचारलं.

"सुतारीण."

"इथं येणारा मरतो."

"मग मार," सगुणा म्हणाली. "पण आधी कळशी भरू दे. घरी पाहुणे उपाशी आहेत, लेक मरणाच्या दारात आहे, आणि तू पाण्यावर वेटोळं घालून बसला आहेस! तुला तहान लागते तरी का? राजा तसा, तूही तसाच!"

नागाला राजाची उपमा फार लागली. त्यानं पाचही फणे मिटले आणि बाजूला सरला.

पुढं एक तळं होतं. तळ्यात देवभात पिकला होता. त्याला कुणी नांगरत नाही, कुणी पेरत नाही. तो आपला आपण पाण्यात उगवतो, म्हणून त्यावर शिक्का कुणी मारावा? तळ्यात म्हातारी मगर होती.

"भात घे," मगर म्हणाली, "पण मोबदला काय?"

"माझ्याकडे काही नाही."

"केस आहेत. माझ्या पिलांना मऊ अंथरूण नाही."

सगुणेनं विळ्यानं आपला अंबाडा कापला आणि काठावर ठेवला. लेकराच्या अंथरुणासाठी मागितलेलं तिला लगेच समजलं. मगरीनं शेपटी हलवून लोंब्या काठाला लावल्या.

तिसरं काम अवघड होतं. वेताळाच्या माळावर नागवेल होती. भुतांच्या जमिनीवर कर कोण वसूल करणार? वेताळ दगडावर बसला होता.

"पानं हवीत? तोड," वेताळ म्हणाला. "पण रागाच्या हातानं दिलेला विडा विडा नव्हे. तुझा राग इथं ठेवून जा."

सगुणेच्या डोळ्यांपुढं ठकीचा निळा पाय होता.

"ठेवणार नाही," ती म्हणाली. "राग टाकून गेले तर घरी जाऊन काय करू? नशिबाला दोष देत बसू? कोळ्यांवर मी चिडणार नाही, उपाशी माणसाच्या तोंडाला कडू येतं हे मला कळतं. ज्यानं त्यांना उपाशी ठेवलं आणि ज्यानं त्यांचं सोनं अंगावर घातलं, त्यांच्यावर चिडेन. वेताळबाबा, राग माझा आहे. कुणाच्या दारात न्यायचा ते मी ठरवीन."

वेताळानं तिच्याकडे निरखून पाहिलं. मग स्वतः उठून त्यानं पानं खुडली आणि तिच्या ओच्यात घातली. "राग काढायला आलेले पुष्कळ पाहिले," तो म्हणाला. "तो नीट सांभाळणारी तू पहिलीच."

सगुणा घरी पोचली तेव्हा गारवा ठकीच्या छातीशी आला होता. शिपाई धागा गुंडाळत होते. "कोळ्यांना हात लावायचा नाही!" ते ओरडले.

"मारू नका असा हुकूम आहे," सगुणा म्हणाली. "जेवू घालू नका असा आहे का?"

असा हुकूम नव्हता. जेवू घालायचं कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

तिनं भात रांधला. भिंतीलगत द्रोण मांडले, प्रत्येकाभोवती रांगोळीची रेघ ओढली. धर्मोजी हात जोडून उभे राहिले आणि खड्या आवाजात म्हणाले, "मंडळी, आमची चूक झाली. पानं वाढली आहेत. पाय धुऊन घ्या."

आढ्यातून, फडताळातून, डब्यांतून कोळी उतरले. सगुणेनं झऱ्याचं पाणी बोटानं एकेकाच्या पायांवर सोडलं. किती ते पाय! ती न कंटाळता सोडत गेली. कोळी पंगतीला बसले, शितं शितं जेवले. ती दोनदा वाढायला फिरली, आग्रहही केला. शेवटी एकेकापुढं विडा ठेवला. ठकीला चावलेला कोळी तिनं पाहून ठेवला होता; त्याच्यापुढं विडा ठेवताना तिचा हात थांबला. पण तिनं ठेवला.

पहिला विडा उचलला गेला तो एका बाईच्या हातानं. पंगतीत माणसं बसली होती, हडकुळी, डोळे खोल गेलेली. ठकीच्या अंगठ्याला चावलेली ती कंटकनाथाची बायको, चंपावती. ती म्हणाली, "सगुणाबाई, तुमच्या घरचं जेवण गोड झालं." आणि ओक्साबोक्शी रडू लागली.

त्याच क्षणी राज्यातलं सगळं कोळ्यांचं सोनं कोळिष्टक झालं. शिपायांच्या चातींवर धूळ उडाली. भर दरबारात राजाचा अंगरखा चिकट, राखाडी जाळ्यांचा झाला, आणि नाकातोंडात कोळिष्टकं गेलेला राजा शिंकत, थुंकत, कंटकनाथाला घेऊन सगुणेच्या दाराशी आला.

"माझं सोनं कुठं आहे?"

सगुणा उंबऱ्यात उभी राहिली. हातात अजून गारच असलेली ठकी होती; हा गारवा ज्याच्यासाठी चढला त्याच्या स्पर्शानंच उतरेल, हे चंपावतीनं तिला सांगितलं होतं. "हे आहे. हात लावून बघ."

राजानं सवयीनं हात पुढं केला. जे दिसेल ते घ्यायची सवय! बोट लागताच मुलीच्या अंगातला गारवा ज्याच्या अंगरख्यासाठी वाढला होता त्याच्याकडे निघून गेला. राजा हुडहुडू लागला. अंगावर पांघरायला त्यानं शिपायांकडे कांबळं मागितलं. एकानंही दिलं नाही. कंटकनाथानं मंत्र म्हणायला तोंड उघडलं, पण समोर त्याची बायको, भाऊ, भावजया, गडीमाणसं एका ओळीत उभी होती, आणि ती आता जेवलेली होती. मंत्र त्याच्या घशातच राहिला. दोघेही राज्याची सीमा ओलांडून गेले ते गेलेच. नद्यांवरचे, विहिरींवरचे, शेतांवरचे शिक्के विरघळले. डोंगरी किल्ल्यावरची वेठ सुटली आणि येसाजी खांद्यावर करवत टाकून घराकडे निघाला.

पण सगुणेचं यातल्या कशाकडेच लक्ष नव्हतं. ती जमिनीवर बसून ठकीच्या तोंडाकडे बघत होती. ठकीच्या गालाला रंग आला. मग गुडघा हलला. मग तिनं डोळे उघडले आणि जोरानं पाय झाडत भोकाड पसरलं.

"आई गं, पायाला मुंग्या आल्यात! किती मुंग्या आल्यात! काढ ना!"

सगुणेनं तो ऊन ऊन पाय दोन्ही हातांनी छातीशी धरला, आणि इतके दिवस अडवून धरलेलं रडू तिनं मोकळं सोडलं.