बिनआवाजाचा ट्रेनर

“पण सगळ्यांत कमी आवाज कुठल्याचा, वस्ताद?”

हा प्रश्न तिने तिसऱ्यांदा विचारला.

दस्तगीर वस्ताद एका चाकाचा आऊट, म्हणजे डगमग, काढत बसले होते. स्पोक पिळायचे, रिंग फिरवायचे, एक डोळा मिटून बघायचे आणि पुन्हा पिळायचे.

“तीन सांगितलेस ना? पुन्हा सांग.”

प्रणोती मगदूम स्टुलावर बसली आणि मोबाईल पुढे धरला. त्यावर तीन ट्रेनर होते, सायकल घरात एका जागी उभी करून चालवायची मशीनं. चौदाव्या वर्षी ती या दुकानात पहिल्यांदा आली होती. राज्याच्या रोड रेसमध्ये दोनदा पहिली आली, ती याच वस्तादांच्या हाताखाली. अकरा महिन्यांपूर्वी तिचं लग्न झालं. तेव्हापासून तिची सायकल दुकानाच्या छताला, हुकाला टांगलेली होती.

“हा पहिला. मागचं चाक काढून ठेवायचं आणि चेन सरळ मशीनवर चढवायची. मोबाईलवर घाट दिसतो. चढ आला की पेडल आपोआप जड होतं. आवाज जवळजवळ नाहीच. दुसरा तसाच, पण जरा गुणगुणतो. तिसऱ्यात चाक काढावं लागत नाही. टायर रोलरवर घासतो. तो चांगलाच घोंगावतो. तो नकोच.”

“चढ खरा कुठला देतो?”

“पहिला… असेल. ते नीट बघितलं नाही.”

“आणि पायातली ताकद बरोबर कुठला मोजतो?”

“बघायला पाहिजे.”

“जोरात उभं राहून मारलंस तर हलत कुठला नाही?”

“वस्ताद, तुम्ही आवाजाचं सांगा ना.”

वस्तादांनी पाना खाली ठेवला.

“कुणाला ऐकू जायचं नाही?”

भिंतीपलीकडे बापूसो खोतांच्या शेडमध्ये चार यंत्रमाग खडखडत होते. इचलकरंजीतली गल्ली ती. अशी एकही भिंत नव्हती जिच्यापलीकडे माग नव्हता.

“अण्णांना,” ती म्हणाली. अण्णा म्हणजे तिचे सासरे. “लग्न ठरलं तेव्हाच ते म्हणाले होते, झाली तेवढी सायकल पुरे. घरची सून चड्डी घालून रस्त्यानं गेलेली त्यांना नको. मी म्हटलं, बरं.”

“बरं म्हटलंस.”

“हो. अकरा महिन्यांत घरात एक शब्द झाला नाही माझ्यावरून.” हे सांगताना तिची मान ताठ झाली. “बाकीच्यांच्या घरी बघा, रोज भांडणं. मी भांडत नाही. मी डोक्यानं घेते.”

“कसं?”

“फेब्रुवारीत निवड चाचणी आहे. माझे मिस्टर म्हणतात, चालव, पण अण्णांना कळू देऊ नकोस. माडीवर मागची खोली रिकामीच असते. घरात सांगून ठेवलंय, कंबर दुखते, व्यायामाचं मशीन आणायचंय. दुपारी अण्णा खाली शेडमध्ये असतात. चोवीस माग चालू असतात. त्यात तो पहिला ट्रेनर… कुणाच्या बापाला ऐकू येणार नाही.”

“आणि चाचणीला जाणार कशी?”

“माहेरी जाते म्हणून. जिंकून आले, पेपरात फोटो आला, की मग बोलायला कुणाला जागाच राहणार नाही.”

“जिंकलीस तर सांगणार.”

“हो.”

“आणि हरलीस तर?”

“तर…” ती हसली. “तर मी गेले होते हे कुणाला कळणारच नाही.”

वस्ताद उठले.

त्यांनी हुकावरून सायकल काढली. वरचं पोतं बाजूला केलं. चेनला ताजं तेल होतं. टायरमध्ये हवा होती. अकरा महिने कुणी चालवली नव्हती, पण कुणी विसरलंही नव्हतं.

कोपऱ्यात त्यांचा स्वतःचा घरगुती स्टँड होता. जुन्या मागाचा लोखंडी रोलर आणि दोन अँगल जोडून तो त्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी बनवला होता. पावसाळ्यात पोरं त्यावरच पाय मारायची. मोबाईल नाही, घाट नाही. चढ पाहिजे असेल तर वस्ताद रोलरवर एक पट्टा आवळायचे.

त्यांनी सायकल स्टँडवर चढवली आणि मागचा आस आवळला.

“बस.”

“या ड्रेसवर?”

“ओढणी बांध आणि बस.”

ती बसली. पहिल्या पाच मिनिटांत तिला धाप लागली. दहाव्या मिनिटाला खांदे खाली आले, कोपरं आत गेली आणि पाठ सपाट झाली. रोलर घरघरू लागला. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी परत आलं.

वस्तादांनी एका रिकाम्या खोक्याचं झाकण फाडलं, त्याचा तळहाताएवढा तुकडा कापला आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यानं मागच्या चाकाजवळ असा लावला, की प्रत्येक स्पोक त्याला फटका मारून जाईल.

फट-फट-फट-फट.

“हे काय, वस्ताद! हे तर बारकी पोरं लावतात.”

“चालव.”

फट-फट-फट-फट. पण मागांच्या खडखडाटात ते जेमतेम ऐकू येत होतं.

वस्तादांनी कान दिला. मान हलवली. मग पाना उचलला आणि भिंतीवर तीनदा ठोकला.

“बापूसो! माग बंद कर!”

पलीकडून ओरडा आला, “का ओ? आग लागली काय?”

“पोरगी सायकल चालवतीय. ऐकू येईना.”

“आँ?”

“बंद कर म्हटलं!”

एक माग थांबला. मग दुसरा. तिसरा. चौथा.

या गल्लीत माणसं मागांच्या आवाजात झोपतात आणि माग थांबले की दचकून उठतात. खिडक्या उघडल्या. समोरच्या चहावाल्यानं गाळणी हातात धरून बाहेर पाहिलं.

आणि त्या शांततेत एकच आवाज राहिला.

फट-फट-फट-फट-फट.

बापूसो दारात आले. बनियनवर सुताची पांढरी रुई चिकटलेली. “वस्ताद, डोकं फिरलं काय तुमचं? चार माग बंद करून पुठ्ठा ऐकवताय?”

त्यांच्यामागून आणखी एक माणूस डोकावला. खिशात पकड, कानावर पेन्सिल. तो शिवाप्पा, जॉबर. बिघडलेला माग लावून द्यायचं त्याचं काम. गावातल्या पाच-सहा शेडमध्ये तो आळीपाळीनं जायचा. मगदूमांच्या, म्हणजे अण्णांच्या शेडमध्येही जायचा, रोज दुपारी.

“वैनी?” शिवाप्पा म्हणाला. “तुम्ही हितं?”

प्रणोतीचे पाय थांबले.

चाक थोडा वेळ आपल्या जोरानं फिरलं. फट… फट… फट…

मग तेही थांबलं.

तिनं वस्तादांकडे पाहिलं. ते चाकाकडे पाहत होते.

“सायकल…” ती म्हणाली. “पडून होती इथं. विकायची आहे. म्हणून जरा चालवून बघत होते.”

“व्हय?” शिवाप्पाचा चेहरा उजळला. तो आत आला आणि सायकलीभोवती एक चक्कर मारली. “माझी थोरली यंदा आठवीत गेलीया. शाळा लांब पडती. म्हणतच होतो, एक सायकल बघावी. हँडल असलं वाकडं कशापायी म्हणायचं?”

“असतं तसं,” बापूसो म्हणाले.

“सरळ बसवून घिऊ. मडगार्ड न्हाई… ते टाकू. मागं कॅरेज लावलं म्हंजे दप्तर ऱ्हाईल. पुढं बास्केट. घंटी न्हाई व्हय हिला? घंटी बी लावू. काय वैनी, द्याल न्हवं?”

प्रणोती अजून सीटवरच होती. तिनं दोन्ही हातांनी हँडल धरलं होतं. याच हँडलवर वाकून ती दोनदा राज्यात पहिली आली होती.

“कॅरेज…” ती पुटपुटली.

“चांगलं दणकट टाकतो. धाकटी बी बसंल मागं.”



वस्ताद खाली वाकले. त्यांनी स्टँडचा आस सैल करायला घेतला. एका बाजूचा नट काढला. तो हातात घेतला, पुसला, शर्टाच्या खिशात टाकला. मग दुसऱ्या बाजूला गेले.

“उतर,” ते म्हणाले.

“वस्ताद…”

“उतर पोरी. गिऱ्हाईक उभं आहे.”

ती उतरली. वस्तादांनी दुसरा नट काढला, सायकल उचलून स्टँडवरून खाली ठेवली, सीटवरून फडकं फिरवलं आणि हँडल शिवाप्पाच्या हातात दिलं.

“घेऊन जा, शिवाप्पा. व्यवहाराचं मागनं बघू. चांगली आहे सायकल. अकरा महिने तेल घातलंय.”

शिवाप्पा लाजून हसला. हाताची रुई पँटला पुसली आणि सायकल दाराकडे वळवली.

फट… फट… पुठ्ठा तसाच होता.

एक पायरी उतरला.

“थांबा,” प्रणोती म्हणाली.

कुणी थांबलं नाही. तिचा आवाज आतच राहिला होता.

“शिवाप्पा, थांबा!”

समोरच्या चहावाल्याच्या हातातली गाळणी हलली.

ती दारात गेली आणि तिनं सीट धरली. “विकायची नाही ही. मी खोटं बोलले.”

“आँ?”

“माझी सायकल आहे. मी रेसमध्ये चालवते. फेब्रुवारीत चाचणी आहे, तिला जाणार आहे. मला पाय मारायची सवय ठेवायचीय, म्हणून इथं बसले होते.”

शिवाप्पानं हँडल सोडलं नाही, पण ओढलंही नाही. “अण्णांस्नी ठावं हाय?”

“नाही.”

“मग…” तो बापूसोंकडे पाहू लागला. बापूसो आढ्याकडे पाहू लागले. “वैनी, मी काय बोलत न्हाई. आपल्याला काय करायचंय. मी बघितलंच न्हाई समजा.”

ही सुटका होती. दार उघडं होतं. शिवाप्पा भला माणूस होता, बोलला होता तसा वागलाही असता.

प्रणोतीनं वस्तादांकडे पाहिलं. त्यांनी पाठ फिरवली होती. चाकाचा आऊट काढायचा राहिला होता, ते पुन्हा रिंगवर वाकले होते.

“नाही,” ती म्हणाली. “तुम्ही बघितलंय. आणि या बापूसोकाकांनी बघितलंय. त्या चहावाल्या दादांनी पण.”

चहावाला झटकन आत गेला.

“अण्णांना मीच सांगते. आज. जेवायला बसायच्या आधी. काय म्हणायचं ते म्हणू देत. रागावतील, ताटावरून उठतील, माहेरी पाठवतो म्हणतील. म्हणू देत. मी चालवणार.” तिचा आवाज कापत होता, पण ती थांबली नाही. “आणि दुपारची चोरून नाही. सकाळी. ते पेपर वाचत बसतात तेव्हा, त्यांच्या डोक्यावर.”

“आई गं,” बापूसो म्हणाले.

शिवाप्पानं हँडल तिच्या हातात दिलं. जाताना पायरीवर थांबला. “वैनी, ती माझी थोरली… ती बी लई पळती ओ. शाळेत पयली येती पळण्यात.” एवढं बोलून तो गेला.

“झालं का तुमचं?” बापूसोंनी विचारलं. “का अजून माग बंद ठेवू? सुताचा बीम तसाच आहे माझा मागावर.”

“लाव,” वस्ताद म्हणाले.

एक माग सुरू झाला. मग दुसरा, तिसरा, चौथा. गल्लीतल्या खिडक्या मिटल्या.

प्रणोतीनं सायकल भिंतीला टेकवली. मोबाईल काढला. तिन्ही ट्रेनर पुन्हा पाहिले, यावेळी सावकाश. किती चढ देतो, किती वजन पेलतो, ताकद किती बरोबर मोजतो. पहिल्या दोघांवर तिचं बोट जरा थांबलं. चढ त्यांचाच खरा होता, हे आता तिला दिसत होतं.

मग तिनं त्या दोघांवर फुली मारली.

“तिसरा घेते,” ती म्हणाली. “टायरवाला.”

“चढ कमी देतो तो.”

“तुमच्यासारखा पट्टा आवळेन वरून. पण त्यात मागचं चाक काढावं लागत नाही.” तिनं स्पोकजवळचा पुठ्ठा बोटानं सरळ केला. “हा लावता येतो.”

वस्तादांनी रिंग फिरवली. एक डोळा मिटला. बराच वेळ ते चाक न डगमगता फिरलं.

दारापर्यंत जाऊन ती परत आली. आता मागांच्या वरताण बोलावं लागत होतं, तरी तिला ते हळूच विचारायचं होतं. ती वाकली.

“वस्ताद… आता सगळ्यांना माहीत असणार. अण्णांना, गल्लीला, शिवाप्पाच्या पोरीला. आणि मी चाचणीत हरले तर?”

वस्तादांनी एक स्पोक पिळला.

“मोठ्यानं हर.”